सरकारी भाव आणि मालाडचे भात

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत दरवर्षी देवस्थानाच्या जीर्णोद्धाराचा वृत्तांत, विद्यार्थ्यांचा गुणगौरव, दिवंगत कार्यकर्त्यांचे पुण्यस्मरण इत्यादी मजकूर येत असतो, व तो यावा हे उचितच आहे. परंतु ज्या भातावर आपल्या कित्येक पिढ्यांचे पोषण झाले, ज्याच्या विक्रीतून मुलांच्या शाळेची फी भरली गेली आणि मुलींची लग्ने उरकली, त्या भाताचा इतिहास मात्र आपण कोठेही लिहून ठेवलेला नाही. जमिनी गेल्या त्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो; पिकाला भाव काय मिळाला, तो कोणी ठरविला, हे कोणी विचारीत नाही.

मंडळाच्या एका स्नेहसंमेलनात एका तरुण बांधवाने हा प्रश्न विचारला, तेव्हा प्रस्तुत लेखकाची चांगलीच पंचाईत झाली. २०२० सालच्या नोव्हेंबरपासून वर्षभर दिल्लीच्या वेशीवर ठाण मांडून बसलेल्या शेतकऱ्यांची हकीकत त्याने वाचली होती. संसदेने केलेले तीन कायदे २०२१ मध्ये मागे घेतले गेले, तरी हमीभावाला कायद्याचा आधार मिळावा ही त्या शेतकऱ्यांची मागणी शिल्लकच राहिली, हेही त्याला ठाऊक होते. त्याने विचारले, “काका, आपल्या आजोबांच्या भाताला सरकारने कधी असा भाव बांधून दिला होता का?” त्या वेळी मी “बघून सांगतो” एवढेच म्हणालो. पाहिल्यावर जे आढळले ते होकार किंवा नकार यांपैकी एका शब्दात मावणारे नाही. सरकारने भाव बांधला होता; परंतु ज्या काळी मालाडला भात पिकत होते त्या काळी तो वर चढू नये म्हणून बांधला होता. खाली पडू नये म्हणून भाव बांधण्याची वेळ आली तोवर आपल्या हातून भातच निघून चालले होते.

मालाडची शेती कशी होती हे नव्या पिढीस सांगितले पाहिजे, कारण आजच्या लिंक रोडवर उभे राहून ती कल्पना येणे कठीण आहे. पूर्वेस डोंगराच्या पायथ्याशी गोडी जमीन, पश्चिमेस मार्वे-मालवणीच्या बाजूस खाडीच्या पाण्याशी झगडत राखलेली खारी जमीन, आणि मधल्या सखल भागात खाचरे. पालापाचोळा व शेण पसरून राब भाजावा, मृगाच्या पावसावर रोप टाकावे, आषाढात आवणी करावी, दिवाळीच्या मागेपुढे हळव्या भाताची कापणी आणि पुढे गरव्याची. खाऱ्या जमिनीला बांध हा जीव की प्राण. एका भरतीला बांध फुटला की त्या वर्षीचे पीक जाईच, शिवाय पुढील एकदोन वर्षे जमीन गोडी होण्याची वाट पाहावी लागे. पीक एकच, पावसाळी. बाकीचे आठ महिने गवत, भाजीपाला, ताडी, मिठागर किंवा दगडाची खाण यांवर निभवावे लागे. (मालाडचा तो पिवळसर दगड मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाच्या भव्य इमारतीत आजही पाहावयास मिळतो. दगडाचे नाव राहिले, भाताचे राहिले नाही.) रोख पैशाची गरज मात्र बारमाही असल्यामुळे, भात खळ्यावरून घरी येताच त्यातील काही हिस्सा विकणे भाग पडे, आणि सुगीत विकणाऱ्याला जो भाव मिळतो तो नेहमीच पडता असतो.

शिवाय खळ्यावरचे सगळे भात कसणाऱ्याचे नव्हते. १७७४ साली साष्टी इंग्रजांच्या हाती आली, व सालबाईच्या तहाने १७८२ साली ती त्यांच्याकडे कायम झाली. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारने येथील अनेक गावे मुंबईतील धनिक पारशी घराण्यांना इस्टेटी म्हणून दिली. पडीक जमीन लागवडीस यावी, शेतीत सुधारणा व्हावी हा त्यामागील उद्देश. १८२९ साली पवईची इस्टेट मिळालेले फ्रामजी कावसजी बनाजी यांनी तेथे ऊस, नीळ, तुती इत्यादींचे प्रयोग केले, हे प्रसिद्ध आहे. साष्टीतील शेतीला सरकारने दिलेले आरंभीचे मोठे उत्तेजन ते हेच म्हणावे लागेल, आणि ते मिळाले खोतास. कूळ पूर्वीप्रमाणेच धारा किंवा खंड भरीत राहिले. १९४८ च्या कूळकायद्याने जिराईत जमिनीच्या खंडाची कमाल मर्यादा पिकाच्या एक तृतीयांश ठरविली, आणि हीच त्या काळी मोठी सुधारणा गणली गेली, यावरून आधीची स्थिती वाचकांनी ताडावी. भाताचा भाव वाढला तरी तो कोणाच्या पदरी पडतो, हा प्रश्न या कारणाने आपल्या इतिहासात भावाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

मालाडच्या भाताचा खरा प्रतिस्पर्धी शेजारच्या गावी नव्हता. तो समुद्रापलीकडे ब्रह्मदेशात होता. इरावतीच्या खोऱ्यात पिकणारा तांदूळ दरसाल दहा लक्ष टनांहून अधिक प्रमाणात हिंदुस्थानात येत असे आणि मुंबई बंदरात स्वस्त मिळत असे. गिरणगावातील मजुराला तो परवडे, म्हणून कोणी त्याविरुद्ध तक्रार करीत नसे. १९२९ नंतर जागतिक मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले, आणि निरनिराळ्या देशांची सरकारे शेतकऱ्याच्या मदतीस धावली. अमेरिकेत १९३३ साली कायदा होऊन, पेरा कमी करणाऱ्या शेतकऱ्यास सरकारी तिजोरीतून पैसे मिळू लागले. आपल्या देशातही काहीच झाले नाही असे नव्हे. १९३१ साली परदेशी गव्हावर जकात बसली, १९३४ च्या कायद्याने उसाचा किमान भाव ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला, १९३५ साली परदेशी तुकडा तांदळावर जकात आली. पण ब्रह्मदेश १९३७ पर्यंत हिंदुस्थानचाच भाग होता. त्याचा तांदूळ परदेशी ठरतच नव्हता, आणि वेगळा झाल्यावरही काही वर्षे तो विनाजकात येत राहिला. गव्हाच्या, उसाच्या शेतकऱ्यांसाठी बोलणारे लोक होते. मुंबईच्या दारातील भातशेतकऱ्यासाठी कोण बोलणार? त्याची संख्या थोडी, जमीन तुटपुंजी, आणि त्याच्या तांदळाचे गिऱ्हाईक असलेले शहर जितके मोठे तितकेच स्वस्त धान्याचे भुकेलेले.

१९४२ च्या मार्च महिन्यात रंगून जपानी सैन्याच्या हाती पडले आणि हा तांदूळ एकाएकी बंद झाला. ज्या भाताला दहा वर्षे कोणी विचारीत नव्हते त्याला अचानक मोल आले. व्यापाराचा साधा नियम चालता तर ही वेळ साष्टीच्या शेतकऱ्याच्या भाग्योदयाची होती. परंतु २ मे १९४३ रोजी मुंबईत शिधावाटप सुरू झाले. ते चालवावयाचे तर धान्य हवे, आणि बाहेरून येईना तेव्हा ते प्रांतातील शेतकऱ्याकडूनच घेणे प्राप्त होते. मुंबई प्रांताने त्यासाठी लेव्हीची पद्धत स्वीकारली. आणेवारी पाहून पिकाचा अंदाज करावयाचा, कुटुंबाच्या खाण्यापुरते व बियाण्यापुरते धान्य वजा करावयाचे, आणि उरलेल्यातील ठरलेला हिस्सा सरकारी भावाने सरकारला घालावयाचा. काळ्या बाजारातील भाव आणि सरकारी भाव यांत जे अंतर होते, तो एक प्रकारचा करच होता. तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नसे.

येथे न्याय्य बोलले पाहिजे. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने हाहाकार माजविला. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा पंधरा लक्षांच्या आसपास धरला, व पुढील अभ्यासकांनी तो याहून बराच मोठा मानला. कलकत्त्याच्या पदपथांवर जे दृश्य दिसले ते मुंबईत दिसले नाही, याचे श्रेय शिधावाटपाला आणि लेव्हीला दिलेच पाहिजे. आपल्या घरांतूनही कोणी गिरणीत, कोणी रेल्वेत नोकरीला होते, आणि त्यांच्याही हाती शिधापत्रिका होती. शेतकरी म्हणून ज्या भावाने नुकसान सोसावयाचे त्याच भावाचा लाभ नोकरदार म्हणून घ्यावयाचा, अशी ही दुहेरी अवस्था होती. आमच्या घरी वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी ‘लेव्ही’ हा शब्द रागाने येई, आणि ‘रेशन’ हा शब्द कृतज्ञतेने. दोन्ही एकाच नाण्याच्या बाजू आहेत हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण खळ्यावर माप घालताना माणूस अर्थशास्त्र आठवीत नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. प्रांतातील धान्य पुरेना म्हणून परदेशांतून धान्य आणावे लागे, आणि ते देशी सरकारी भावाहून महाग पडे. मग शिधावाटपाच्या दुकानात दर चढू नये यासाठी दोहोंतील फरक सरकार आपल्या तिजोरीतून भरून काढी. हेच त्या काळचे अन्नधान्य अनुदान. १९५२ साली ते बहुतांशी काढून घेतले गेले तेव्हा शहरांतून केवढा गहजब झाला! सारांश, त्या वर्षांत सरकारी पैसा धान्यावर खर्च होत होता यात संशय नाही; परंतु परक्या देशातील शेतकऱ्याला पुरा भाव, आपल्या शेतकऱ्याला बांधलेला भाव, आणि मधले अंतर शहरातील ग्राहकासाठी, अशी ती वाटणी होती.

हे कोणाच्याच ध्यानी आले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. व्ही. टी. कृष्णमाचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने युद्धकाळातच या प्रश्नाचा विचार हाती घेऊन, शेतकऱ्याला किमान भावाची शाश्वती हवी असे मत दिले होते. १९४७ साली नेमलेल्या वस्तुमूल्य मंडळावर अ. दि. गोरवाला आणि आपले धनंजयराव गाडगीळ हे दोघे होते. सुट्या सुट्या वस्तूंचे भाव न बांधता सर्व भावांचा एकत्रित विचार व्हावा, असा त्यांचा आग्रह. पण त्याच वर्षाच्या अखेरीस गांधीजींच्या आग्रहाने नियंत्रणे उठली, मंडळ निरुपयोगी झाले, आणि भाव भडकल्यामुळे १९४८ साली नियंत्रणे परत आली. शेवटी रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना, १९५४ साली तांदूळ मोकळा झाला. लगोलग चांगल्या पिकामुळे भाव उतरू लागले, तेव्हा सरकारने काही धान्यांसाठी किमान भावाने खरेदीची तयारी दाखविली. भाव वर जाऊ नये म्हणून झटणारे सरकार भाव खाली जाऊ नये म्हणूनही काही करू शकते, ही कल्पना त्या सुमारास प्रथमच व्यवहारात दिसली.

आता १९५७ या वर्षाकडे वळतो. आपल्या ज्ञातीच्या इतिहासात या वर्षाची नोंद ठळक अक्षरांत व्हावयास हवी होती. १ फेब्रुवारी १९५७ रोजी बृहन्मुंबईची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली आणि मालाड महानगरपालिकेत आले. नळ येणार, रस्ते होणार, मुलांना पालिकेची शाळा मिळणार, या कल्पनेने आनंद झाला, व तो वावगा नव्हता. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, मुंबई राज्यात कृषकदिन उजाडला. कूळकायद्याच्या दुरुस्तीप्रमाणे त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मालक मानले गेले. परंतु त्याच कायद्यात ४३-क हे कलम होते, आणि खरेदीची ती कलमे बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत लागू होणार नाहीत असे त्यात म्हटले होते. कुळांना पूर्वी मिळालेली संरक्षणे सर्वस्वी नष्ट झाली नाहीत. कायद्याने कसणाऱ्याला मालक करण्याचा राजमार्ग मात्र आपल्या बाजूला बंद राहिला. खोतांच्या इस्टेटींची धारामाफी १९५१ च्या कायद्याने रद्द झालेली होती, तिचा कुळाला मालकी मिळण्याच्या कामी फारसा उपयोग नव्हता. वसई-पालघरकडील आपले सोयरे जमिनीचे धनी झाले, आणि मालाडकडील कित्येक बांधव कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत राहिले.

भाताच्या भावाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. हमीभाव हा पिकाच्या धन्याला मिळतो. ज्याचे जमिनीवर नाव नाही, ज्याची जमीन आज ना उद्या इमारतीसाठी जाणार हे उघड आहे, तो बांध दुरुस्त करीत नाही, बियाणे बदलीत नाही, बैल विकत घेत नाही. शहराची हद्द पुढे सरकते तेव्हा जमिनीचा भाव पिकाच्या भावाला गिळून टाकतो. कोणत्याही सरकारने भाताला कितीही भाव दिला असता, तरी चौरस वाराच्या हिशेबाने बोलणाऱ्या दलालापुढे तो टिकला नसता. ज्यांची स्वतःची जमीन होती त्यांनीही विकली. त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. विकून आलेल्या पैशाचे काय झाले हा निराळा विषय आहे, व तो स्मरणिकेत लिहिण्याजोगा नाही.

शेजारच्या आरे वसाहतीचे उदाहरण येथे आठवते. मुंबई शहरातील म्हशींचे तबेले हलवून १९४९ पासून ती वसाहत वसविण्यात आली. तेथील गवळ्यांचे दूध सरकारी दूधयोजना ठरलेल्या दराने घेई. उत्पादकाला ठरलेला दर आणि हक्काचे गिऱ्हाईक या दोन्ही गोष्टी मालाडच्या वेशीवर पाहावयास मिळत होत्या. त्या दुधाला मिळाल्या, भाताला नाही.

इकडे १९५६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेशी धान्याचा करार झाला आणि त्या देशाचा गहू मुंबई बंदरात उतरू लागला. हा गहू आला कोठून? अमेरिकन सरकार आपल्या शेतकऱ्यास किमान भावाची हमी देत असे, त्यामुळे तेथे गरजेहून अधिक पीक होऊन सरकारी कोठारे भरून वाहू लागली होती. तेव्हा १९५४ च्या कायद्यान्वये ते धान्य सवलतीने बाहेर देण्याची योजना निघाली. म्हणजे हमीभावाचे धान्य मालाडला आले ते असे, शिधावाटपाच्या दुकानात, कॅन्ससच्या शेतकऱ्याला मिळालेल्या हमीच्या जोरावर! भात खाणाऱ्या आपल्या घरांत चपातीचे प्रमाण वाढले ते त्याच काळात.

हिंदुस्थानच्या शेतकऱ्यास रीतसर हमी मिळण्यास १९६५ साल उजाडावे लागले. लक्ष्मीकांत झा यांच्या समितीच्या शिफारशीनंतर त्या वर्षीच्या जानेवारीत कृषिमूल्य आयोग स्थापन झाला आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक मो. ला. दांतवाला. अन्न महामंडळही त्याच महिन्यातले. महाराष्ट्रात वसंतराव नाईक यांच्या सरकारने ज्वारी व भात यांची एकाधिकार खरेदी सुरू केली, व सहकारी पणन संघाकडे ते काम सोपविले. पुढे १९७२ मध्ये कापसाची एकाधिकार खरेदी आली, १९८० साली शरद जोशी यांनी चाकणला कांद्याच्या भावाचे आंदोलन उभे केले, १९८५ साली आयोगाच्या नावात ‘खर्च’ हा शब्द दाखल झाला. हा सर्व इतिहास वाचनीय आहे, पण तो आपला नव्हे. कारण आयोग स्थापन झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९६६ च्या शिधावाटप आदेशाने मुंबई पुन्हा कायदेशीर शिधावाटपाखाली आली, आणि मालाड आता मुंबईतच होते. राज्यातील शेतकऱ्याला किमान भावाची हमी मिळू लागली तेव्हा आपण रांगेत पिशव्या घेऊन उभे होतो. १९४३ मध्ये आपण निदान अर्धे विकणारे होतो. १९६६ मध्ये जवळजवळ पुरते घेणारे झालो.

त्या तरुण बांधवाला मी हे सारे सांगितले, तेव्हा त्याने आजची स्थिती विचारली. ठाणे, पालघर, रायगड या जिल्ह्यांत पणन संघ व आदिवासी विकास महामंडळ यांच्या केंद्रांवर भाताची आधारभूत खरेदी होते. साधारण भाताचा आधारभूत भाव २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. शिवाय राज्य सरकारने २०२२-२३ च्या हंगामात हेक्टरी पंधरा हजार, व पुढील हंगामात हेक्टरी वीस हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत, प्रोत्साहन म्हणून जाहीर केले. केंद्र दूर असले, नोंदणी चुकली, पोत्यांना बारदान नसले, तर जाहीर भाव कागदावरच राहतो आणि शेतकरी व्यापाऱ्याच्या दारी जातो, हे पालघरकडील कोणीही नातलग सांगेल. तथापि मागण्याजोगे काही तरी त्यांच्या हाती आहे. ते मागावयास सातबारा लागतो, व त्यावर भाताच्या पिकाची नोंद लागते. मनोरी-गोराईकडे पावसाळ्यात अजून थोडी खाचरे हिरवी दिसतात. खुद्द मालाडात बहुतेकांच्या कपाटात आता इमारतीच्या गाळ्याचा करारनामा किंवा मालमत्ता पत्रक असते.

तरीही जुनी कागदपत्रे अगदीच नाहीशी झाली आहेत असे मला वाटत नाही. लेव्हीच्या पावत्या, खंड भरल्याच्या पावत्या, १९५७ पूर्वीचे पीकपाण्याचे उतारे, खळ्यावरच्या हिशेबाच्या वह्या असे काही ज्या बांधवांच्या घरी ट्रंकेत पडून असेल, त्यांनी ते टाकून न देता मंडळाच्या कार्यालयात दाखवावे. मूळ कागद त्यांचे त्यांना परत करण्यात येतील. लेव्हीत मालाडच्या कोणत्या घराने किती मण भात घातले आणि त्याचे किती रुपये हाती आले, हे तेवढ्यावरूनच कळण्याजोगे आहे. आमच्याकडे कागद राहिला नाही. एक पितळी पायली आहे. घरातली मंडळी तिच्यात हल्ली तुळशीला घालावयाचे पाणी भरून ठेवतात.